सिस्टीनचे छत सोळा पानांवर: मायकेलअँजेलोच्या टपाल तिकिटांचा विषयसंग्रह कसा उभारावा

भारतीय टपाल खात्याने २८ जून १९७५ रोजी मायकेलअँजेलोच्या पाचशेव्या जन्मवर्षानिमित्त प्रत्येकी ५० पैशांची चार तिकिटे काढली. देशात आणीबाणी लागून जेमतेम तीन दिवस झाले होते, आणि टपाल कचेरीच्या खिडकीवर मात्र रोममधल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावरील सृष्टिनिर्मितीची चित्रे विकायला आली होती. ही चार तिकिटे एकमेकांना जोडून छापलेली आहेत. पुढे काही वर्षांनी ती मला शेजारच्या एका काकांकडून भेट मिळाली, तेव्हा मी शाळकरी होतो. घरी आल्याबरोबर मी ती छिद्रांच्या ओळीवरून नीट फाडून सुटी केली आणि वहीत चार वेगवेगळ्या पानांवर डिंकाने चिकटवली. एकत्र ठेवायचे ते तोडले आणि सुटे ठेवायचे ते चिकटवले. तिकीटसंग्रहातल्या दोन मोठ्या चुका मी अशा एकाच दुपारी उरकल्या. पुढील मार्गदर्शन त्या दुपारनंतर हळूहळू शिकलेल्या गोष्टींवर आधारलेले आहे.

मायकेलअँजेलोवर जगभरातून इतकी तिकिटे निघाली आहेत की ‘सगळी जमवीन’ असे ठरवणारा माणूस दोन वर्षांत कंटाळतो किंवा कर्जात जातो. बहुतेक नवे संग्राहक ती देशवार किंवा वर्षवार लावतात. त्यात चूक काही नाही, पण तसा संग्रह पाहणाऱ्याला चित्रकाराविषयी काहीच सांगत नाही. एकच आदाम बारा देशांच्या नावाखाली बारा वेळा भेटतो, एवढेच. म्हणून माझा आग्रह असा आहे की संग्रहाची मांडणी छताच्या स्वतःच्या रचनेनुसार करावी. छतावर जे जिथे आहे, ते पानावर तिथे यावे. असे केले की कोणते तिकीट हवे, कोणते नको आणि कोणते अजून मिळालेले नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळू लागतात.

आधी छत समजून घ्या

पैसे खर्च करण्यापूर्वी एक मोठा कागद घ्या आणि त्यावर छताचा आराखडा काढा. छत साधारण ४० मीटर लांब आणि १३ मीटरांहून थोडे अधिक रुंद आहे. मधल्या पट्ट्यात बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातले नऊ प्रसंग आहेत. वेदीच्या बाजूने सुरुवात केली तर त्यांचा क्रम असा लागतो: प्रकाश आणि अंधार वेगळे होणे, सूर्य-चंद्र व ग्रहांची निर्मिती, पाण्यापासून भूमी वेगळी होणे, आदामाची निर्मिती, हव्वेची निर्मिती, पाप आणि एदेनमधून हकालपट्टी, नोहाचा यज्ञ, जलप्रलय आणि नोहाची मद्यधुंद अवस्था. या पट्ट्याच्या कडेने बारा भव्य बैठ्या आकृती आहेत. त्यांपैकी सात संदेष्टे आहेत आणि पाच सिबिल, म्हणजे ग्रीक-रोमन परंपरेतल्या भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया. वेदीच्या डोक्यावर योना आणि प्रवेशद्वाराच्या डोक्यावर जखऱ्या बसला आहे. उरलेले दहा जण दोन्ही बाजूंना समोरासमोर येतात: लिबियन सिबिलसमोर यिर्मया, पर्शियन सिबिलसमोर दानीएल, कुमेयन सिबिलसमोर यहेज्केल, एरिथ्रियन सिबिलसमोर यशया आणि डेल्फिक सिबिलसमोर योएल. याशिवाय मधल्या प्रसंगांच्या कोपऱ्यांवर वीस नग्न तरुण बसलेले आहेत आणि खाली कमानींच्या भागांत येशूचे पूर्वज आहेत.

ही नावे पाठ करण्याचे कारण व्यावहारिक आहे. मराठी बायबलमधली नावे आणि परदेशी कॅटलॉगमधली नावे यांचा ताळमेळ चटकन लागत नाही. इटालियन यादीत ‘इझाया’ दिसला तर तो आपला यशया, ‘जेरेमिया’ म्हणजे यिर्मया, ‘एझेकिएले’ म्हणजे यहेज्केल, ‘जोएले’ म्हणजे योएल, ‘जोना’ म्हणजे योना आणि ‘झक्कारिया’ म्हणजे जखऱ्या. माझ्या आराखड्यावर प्रत्येक चौकटीत मराठी नावाखाली देवनागरीतच इटालियन उच्चार लिहिलेला आहे, आणि विक्रेत्याची यादी वाचताना तो कागद शेजारी असतो.

आराखड्यावर आणखी एक बाण काढा. कथा वेदीकडून दाराकडे वाचायची असली तरी चित्रकाराने काम दाराकडून वेदीकडे, म्हणजे नोहापासून उलट्या दिशेने केले. सुरुवातीच्या जलप्रलयात माणसांची गर्दी आहे आणि आकृती लहान आहेत. साठ फूट खालून पाहणाऱ्याला त्यांतले फारसे काही कळत नाही. १५११ मध्ये अर्धे छत खुले झाल्यावर पुढच्या भागात आकृती मोठ्या आणि मोजक्या होत गेल्या. तिकिटावर याचा परिणाम स्पष्ट दिसतो: आदामाची निर्मिती एवढ्याशा कागदावरही ओळखू येते, तर जलप्रलयाचा एखादा तुकडाच घ्यावा लागतो. तुमच्या संग्रहात जलप्रलयाची दोन-तीन तिकिटे जमली की प्रत्येकात वेगळा तुकडा निवडलेला आहे का, हे जरूर पाहा.

आयुष्याच्या तारखा म्हणजे शोधाच्या तारखा

टपाल खाती जयंती-पुण्यतिथी पाहून तिकिटे काढतात, म्हणून चित्रकाराचे चरित्र हीच शोधाची यादी ठरते. मायकेलअँजेलोचा जन्म ६ मार्च १४७५ रोजी तस्कनीतील काप्रेसे या गावी झाला. बालपणी त्याला ज्या दाईकडे ठेवले होते ती सेतिन्यानो या पाथरवटांच्या गावची होती. तेराव्या वर्षी, १४८८ मध्ये, तो फ्लॉरेन्सला दोमेनिको गिर्लांदायोच्या चित्रशाळेत शिकाऊ म्हणून दाखल झाला आणि पुढे मेदिची घराण्याच्या आश्रयाने शिल्पकलेकडे वळला. पंचविशीच्या आत त्याने रोममधले ‘पिएता’ (मृत येशूला मांडीवर घेतलेली मरिया) घडवले आणि १५०४ मध्ये ‘डेव्हिड’ पूर्ण केला. पोप ज्युलियस दुसरा याने त्याला आधी स्वतःच्या थडग्यासाठी बोलावले होते. छताचे काम १५०८ मध्ये गळ्यात पडले आणि १५१२ च्या अखेरीस संपले. वेदीमागची ‘अंतिम न्याया’ची भिंत बरीच नंतरची, १५३६ ते १५४१ या काळातली आहे. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, तो रोममध्ये वारला आणि फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले.

आता या तारखांवरून वर्षे काढा. चारशेवी पुण्यतिथी १९६४ मध्ये, पाचशेवी जयंती १९७५ मध्ये, साडेचारशेवी पुण्यतिथी २०१४ मध्ये आणि साडेपाचशेवी जयंती २०२५ मध्ये येते. कॅटलॉगमध्ये शोध घेताना या चार वर्षांची पाने आधी चाळावीत. १९६४ मध्ये व्हॅटिकनने चित्रकाराचे व्यक्तिचित्र आणि छतावरील संदेष्टे व सिबिल यांची मालिका काढली. त्याच वर्षी इटलीने मात्र छताऐवजी शिल्पे निवडली: फ्लॉरेन्समधील पिएतातल्या निकदेमाचे मस्तक, ज्यात वृद्ध शिल्पकाराचा स्वतःचाच चेहरा आहे असे परंपरेने मानले जाते, आणि हवाई टपालासाठी ब्रुजची मॅडोना. १९७५ मध्ये भारताप्रमाणे सोव्हिएत संघानेही मालिका काढली.

जयंतीच्या हिशेबात बसत नसलेली एक मालिका मात्र या विषयाचा कणा आहे. ६ मार्च १९६१ रोजी, म्हणजे चित्रकाराच्या जन्मदिवशी, इटलीने रोजच्या वापरासाठी १ लिरा ते १००० लिरा अशा १९ किमतींची नियमित मालिका आणली आणि तीत सिस्टीनच्या छतावरील नग्न तरुण, संदेष्टे, सिबिल, आदाम आणि हव्वा यांना स्थान दिले. इटालियन संग्राहक तिला ‘मिकेलांजोलेस्का’ म्हणतात. स्मारक तिकिटे बहुधा संग्राहकांच्या वहीत जातात, तर नियमित तिकिटे लोकांच्या पत्रांवर. त्यामुळे साध्या व्यापारी पाकिटांवर, पार्सलच्या चिठ्ठ्यांवर आणि परदेशी पत्रांवर या मालिकेतले संदेष्टे आजही सापडतात. संग्रहाची सुरुवात याच मालिकेपासून करावी असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. तिच्या बहुतेक किमती सहज मिळतात आणि आराखड्यातल्या बऱ्याच चौकटी एका फटक्यात भरतात.

ही मालिका हातात आली की भिंगाखाली धरून एखाद्या संदेष्ट्याचे मस्तक पाहा. पूर्ण आकृती टाकून देऊन केवळ डोके घेतल्याने आणि चित्र एका रंगात उतरवल्याने भित्तिचित्राचा रंगीत देखावा नाहीसा होतो व उरतो तो छायाप्रकाश: भुवईखालचा खड्डा, दाढीतली वळणे, मानेचा पीळ. छत रंगवत असतानाही घरच्या पत्रांखाली ‘शिल्पकार’ अशी सही करणाऱ्या माणसाला हे रूपांतर बहुधा रुचले असते.

कोणाची तिकिटे घ्यावीत आणि कोणाची टाळावीत

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अजमान, उम्म अल कुवैन, फुजैरा, शारजा यांसारख्या आखाती अमिरातींच्या नावाने प्रसिद्ध चित्रांच्या तिकिटांचा पूर आला. ही तिकिटे मोठी, चकचकीत आणि स्वस्त असतात. मिश्र तिकिटांच्या पाकिटात हमखास निघतात. यांतली बहुतेक परदेशी एजंटांनी थेट संग्राहकांच्या बाजारासाठी छापली आणि त्यांतल्या फारच थोड्यांनी खरे पत्र वाहिले. काही कॅटलॉग त्यांची सविस्तर नोंद घेतात, काही त्यांना परिशिष्टात ढकलतात आणि काही अजिबात दखल घेत नाहीत. घरच्या आनंदासाठी ती ठेवायला हरकत नाही, माझ्याकडेही एक डबा आहे. पण प्रदर्शनाच्या पानावर ती आली की परीक्षकाचा चेहरा बदलतो.

पारख करण्याचा एक सोपा मार्ग शिक्क्यात आहे. तिकिटाच्या एकाच कोपऱ्यात, अगदी नेटका पाव वर्तुळाचा शिक्का आहे आणि मागचा डिंक मात्र जसाच्या तसा शाबूत आहे, असे दिसले तर ते तिकीट पत्रावर कधी लागलेच नव्हते; छापखान्यातच मागणीनुसार शिक्का मारून ते विकले गेले. पूर्व युरोपातल्या अनेक चांगल्या मालिकाही या प्रकारे मिळतात. त्या बेकायदा नाहीत, पण पर्याय असेल तर कोरे किंवा खरोखर वापरलेले तिकीट घ्यावे. अलीकडच्या तिकिटांसाठी जागतिक टपाल संघाची क्रमांकनोंद उपयोगी पडते. २००२ पासून सदस्य देश आपली तिकिटे तिथे नोंदवतात. त्या नोंदीत नसलेले, एखाद्या गरीब देशाचे नाव मिरवणारे मायकेलअँजेलोचे मिनिएचर शीट, म्हणजे एक-दोन तिकिटांचा सजवलेला छोटा ताव, आंतरजालावर दिसले तर पाकीट खिशातच ठेवावे.

केवळ तिकिटांवर थांबू नका. काप्रेसे गावाचे अधिकृत नाव आज ‘काप्रेसे मिकेलांजेलो’ असे आहे, म्हणून तिथल्या टपाल कचेरीचा साधा, रोजचा शिक्का असलेले पाकीट हे जन्मप्रसंगासाठी कोणत्याही चकचकीत तिकिटापेक्षा सरस ठरते. कारारा हे संगमरवराचे गाव. तिथला जुना शिक्का असलेले, तिकीटपूर्व काळातले एखादे पत्र परवडले तर शिल्पकाराच्या पानाला वजन येते. आणि छताच्या पहिल्या प्रसंगासाठी माझी आवडती वस्तू अमेरिकेची आहे. अपोलो ८ मधील अंतराळवीरांनी १९६८ च्या नाताळात चंद्राभोवती फिरताना उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पहिल्या ओळी वाचल्या होत्या. १९६९ मध्ये निघालेल्या ६ सेंटच्या तिकिटावर चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी आणि त्या वचनाची सुरुवात आहे. प्रकाश आणि अंधार वेगळे करणाऱ्या देवाशेजारी ते तिकीट ठेवले की पान बोलू लागते.

सिस्टीन चॅपेल ही पोपच्या निवडणुकीचीही जागा आहे. पोपचे पद रिकामे असते तेवढ्या दिवसांसाठी व्हॅटिकन खास तिकिटे काढते. त्यांवर पोपच्या मुकुटाऐवजी मिटवता येणारी छत्री आणि दोन किल्ल्या असतात आणि नवा पोप निवडला गेला की त्यांची मुदत संपते. १९७८ मध्ये तर एकाच वर्षात दोनदा अशी तिकिटे निघाली. २००५, २०१३ आणि २०२५ मधली सहज मिळतात. त्या मुदतीत खरोखर टपालातून गेलेले पाकीट मिळवायला मात्र थोडी धडपड करावी लागते.

काजळीचे रंग आणि धुतलेले रंग

या विषयात मला सर्वांत जास्त गुंतवणारी गोष्ट आता सांगतो. छताची साफसफाई १९८० मध्ये सुरू झाली आणि १९८९ मध्ये संपली; त्यानंतर अंतिम न्यायाची भिंत स्वच्छ करण्यात आली आणि ८ एप्रिल १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिथे प्रार्थना करून काम पूर्ण झाल्याचे जाहीर केले. साडेचारशे वर्षांची मेणबत्त्यांची काजळी, धूळ आणि आधीच्या दुरुस्ती करणाऱ्यांनी चढवलेले प्राणिज सरसाचे थर निघाले, आणि खालून हिरवे, नारिंगी, जांभळे, गुलाबी असे रंग वर आले की कलेच्या अभ्यासकांत दोन तट पडले. एका तटाला खरा रंगकार सापडला. दुसऱ्याचे म्हणणे असे की ओल्या गिलाव्यावरचे चित्र वाळल्यानंतर चित्रकाराने वरून दिलेल्या छटाही या सफाईत धुऊन गेल्या.

तिकीटसंग्राहकाजवळ या वादाचा पुरावा नसला तरी साक्षीदार आहेत. १९८० पूर्वीच्या प्रत्येक रंगीत तिकिटामागे काजळलेल्या छताचे छायाचित्र आहे आणि १९९० नंतरच्या तिकिटांमागे बहुधा धुतलेल्या छताचे. भारताची १९७५ ची चार तिकिटे आणि व्हॅटिकनने १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या कामानिमित्त काढलेली मालिका एकाखाली एक ठेवा. त्याच सृष्टिनिर्मितीची पार्श्वभूमी आधीच्या तिकिटांत तपकिरी-करडी आहे, नंतरच्यांत ती उजळ आणि थंड झाली आहे. हे पान तयार करणे अवघड नाही आणि ते पाहणारा प्रत्येक जण तिथे थांबतो.

मात्र इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. तिकिटाचा रंग छतावर जितका अवलंबून असतो तितकाच शाईवर, कागदावर आणि छपाईच्या पद्धतीवर असतो, शिवाय जुने तिकीट उन्हात राहिले असेल तर ते फिकटही होते. एका तिकिटावरून निष्कर्ष काढू नये. एकाच प्रसंगाची आधीची किमान तीन आणि नंतरची किमान तीन तिकिटे वेगवेगळ्या देशांची घ्यावीत, आणि शीर्षकात ‘सफाईपूर्वीच्या छायाचित्रावरून’ एवढेच लिहावे. नंतर निघालेल्या एखाद्या तिकिटावर कोणी जुनेच छायाचित्र वापरले असेल तर ते वेगळे ओळखता येते आणि त्याची नोंद करणे हा तुमच्या अभ्यासाचा भाग ठरतो.

डेल्फिक सिबिलच्या तिकिटांबाबत अशीच एक खूण आहे. १७९७ मध्ये रोमच्या सांतांजेलो किल्ल्यातील दारूचा साठा उडाला आणि त्या हादऱ्याने छताचा काही गिलावा पडला. जलप्रलयाचा तुकडा आणि या सिबिलच्या वरच्या बाजूला बसलेल्या एका तरुणाचा बहुतेक भाग त्यात गेला. तिकिटाचा चित्रकार चौकट कुठे कापतो आणि ती रिकामी जागा दाखवतो की टाळतो, हे पाहण्यासारखे असते.

तपासणी

टेबलावर पाच वस्तू पुरेत: गोल टोकांचा चिमटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, परफोरेशन मोजायची पट्टी, काळा गुळगुळीत कागद आणि चांगला प्रकाश. परफोरेशन म्हणजे दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे आहेत तो आकडा. तो कॅटलॉगशी जुळला नाही तर तिकीट वेगळ्या छपाईचे आहे किंवा कोणीतरी कडा छाटून नवी छिद्रे पाडली आहेत. जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण, पाहण्यासाठी तिकीट काळ्या कागदावर पालथे ठेवून तिरक्या प्रकाशात धरावे. १९६१ च्या इटालियन मालिकेच्या कागदात तारे दिसतात आणि व्हॅटिकनच्या त्या काळातल्या तिकिटांत एकमेकींवर ठेवलेल्या किल्ल्या. बरेच जण जलचिन्ह उठून दिसावे म्हणून लायटरचे पेट्रोल वापरतात. घरात मुले असतील किंवा देवघरात दिवा चालू असेल तर या वाटेला जाऊ नये.

कोऱ्या तिकिटाच्या मागच्या डिंकावर विशेष लक्ष द्यावे. जुन्या बिजागरीची, म्हणजे तिकीट पानावर लावायच्या डिंकाच्या छोट्या कागदी पट्टीची, खूण लपवण्यासाठी पुन्हा डिंक लावलेले तिकीट छिद्रांच्या टोकांशी ओळखू येते, कारण नंतर लावलेला डिंक कागदाच्या तंतूंवर चढून ती टोके कडक होतात. एका नामवंत म्हणवणाऱ्या विक्रेत्याकडून मी ‘मूळ डिंकाचे’ म्हणून घेतलेला एक संच असाच निघाला. पैसे परत मिळाले नाहीत, पण बोट फिरवून कडक टोके ओळखायची सवय मात्र लागली.

कोकणचा पाऊस आणि कागद

मुंबई, कोकण आणि गोव्यात राहणाऱ्यांसाठी संग्रह जपणे ही जमवण्यापेक्षा अवघड गोष्ट आहे. दमट हवेत डिंक ओलावा धरतो, तिकिटे पानाला चिकटतात आणि छिद्रांच्या कडांवर तांबूस डाग चढतात. आपल्याकडचे संग्राहक त्याला सरळ ‘गंज’ म्हणतात. एकदा चढलेला गंज पूर्ण जात नाही आणि शेजारच्या तिकिटांपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून डागाळलेले तिकीट कितीही लाडके असले तरी वेगळ्या पाकिटात ठेवावे.

स्टॉकबुक, म्हणजे तिकिटे खोचून ठेवायची वही, नेहमी पुस्तकासारखे उभे ठेवावे. आडवे रचले की वरच्या वजनाने डिंक दबतो. भिंतीला लागून असलेले लोखंडी कपाट पावसाळ्यात आतून घाम सोडते, त्यापेक्षा आतल्या खोलीतला लाकडी खण बरा. खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की त्या बदलाव्यात. ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी सगळी पाने पंख्याखाली, उन्हापासून दूर, एकदा उघडून ठेवावीत. स्वस्त मऊ प्लॅस्टिकची पाकिटे वापरू नयेत. त्यांतून सुटणारी द्रव्ये शाईला खातात. कोरी तिकिटे बिजागरीने न चिकटवता पारदर्शक माउंटमध्ये घालावीत, आणि माउंट कापताना छिद्रांभोवती मिलिमीटरभर जागा सोडावी.

पाकिटावरून कापलेली वापरलेली तिकिटे साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे पालथी तरंगू द्यावीत, कागद आपोआप सुटेल तेव्हाच वेगळी करावीत आणि शोषक कागदात वजनाखाली वाळवावीत. परंतु पूर्ण पाकीट हाती आले असेल, त्यावर तारीख, गाव आणि पत्ता वाचता येत असेल, तर त्यावरचे तिकीट काढू नये. मिकेलांजोलेस्का मालिकेतील एका संदेष्ट्याचे सुटे तिकीट कुठेही मिळेल. त्याच संदेष्ट्याने मिलानहून मुंबईला आणलेले पत्र पुन्हा मिळणार नाही.

सोळा पाने

प्रदर्शनाच्या एका चौकटीत ए-फोर आकाराची सोळा पाने बसतात, आणि सुरुवातीला एवढीच मर्यादा घालून घ्यावी. माझी वाटणी साधारण अशी आहे: पहिल्या पानावर शीर्षक, पानांच्या वाटणीची योजना आणि छताचा नकाशा, मग शिल्पकाराच्या जडणघडणीची दोन पाने, काम कसे झाले यावर एक, उत्पत्तीच्या नऊ प्रसंगांना पाच, संदेष्टे आणि सिबिल यांना तीन, अंतिम न्यायाला एक, सफाईपूर्व आणि सफाईनंतर यांना दोन, शेवटचे पान पोपच्या निवडणुकीला. आदाम सगळ्यांना हवा असतो, म्हणून त्याच्याकडे पाने धावू लागतात. त्याला एका पानात आवरावे.

विषयसंग्रहाच्या आंतरराष्ट्रीय गुणपद्धतीत शंभरपैकी ३५ गुण मांडणीला, ३० ज्ञान व अभ्यासाला, ३० वस्तूंची स्थिती व दुर्मिळता यांना असतात आणि सजावटीला अवघे ५. हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत, कारण आपल्यापैकी अनेक जण रंगीत किनारी आणि नक्षीदार अक्षरांतच महिना घालवतात. पांढरे किंवा किंचित पिवळसर पान आणि काळी अक्षरे पुरतात. प्रत्येक पानावर दोन प्रकारचा मजकूर असावा: वर कथेचा, आणि वस्तूखाली लहान अक्षरांत टपालाचा. ‘काम कसे झाले’ या पानावरचा माझा कथेचा मजकूर असा आहे: “मायकेलअँजेलोने छत आडवे पडून रंगवले नाही, तो मचाणावर उभा राहून, मान मागे टाकून काम करत असे, आणि त्या हालअपेष्टांवर त्याने मित्राला लिहिलेल्या कवितेत आपण चित्रकार नाही असे म्हटले आहे. ओला गिलावा वाळण्याआधी रंगवावा लागे, म्हणून एका दिवशी पुरेल एवढाच गिलावा लावला जाई.” त्याखाली तिकिटाजवळ देश, साल, छपाई आणि जलचिन्ह एवढेच येते. यापेक्षा लांब मजकूर उभ्याने कोणी वाचत नाही.

विकत घेतलेली चित्र-पोस्टकार्डे पानावर लावता येत नाहीत. ती टपालाची वस्तू नव्हेत. अपवाद मॅक्सिमम कार्डाचा. त्यात कार्डाच्या चित्रबाजूवरच त्याच विषयाचे तिकीट लावलेले असते आणि त्यावर शक्यतो त्याच गावाचा शिक्का असतो, म्हणजे चित्र, तिकीट आणि शिक्का तिन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलतात. प्रथम दिवस आवरणे, म्हणजे तिकीट निघाल्याच्या दिवशीचा शिक्का असलेली खास पाकिटे, दोनपेक्षा अधिक ठेवू नयेत. भारताच्या १९७५ च्या संचासोबत निघालेले माहितीपत्रक प्रेमाने जपावे, पण तेही चौकटीबाहेर.

पहिले प्रदर्शन जिल्हास्तरावर करून पाहावे, आणि नंतर महाराष्ट्र टपाल परिमंडळाच्या महापेक्स या राज्यस्तरीय प्रदर्शनाकडे वळावे. परीक्षक बहुधा संध्याकाळी चौकटीपाशी भेटतात. त्यांनी दाखवलेल्या चुका पेन्सिलने आराखड्याच्या मागे लिहून घ्याव्यात. माझ्या आराखड्यामागे असे पाच शेरे आहेत. त्यातला सर्वांत जुना पर्शियन सिबिलच्या रिकाम्या चौकटीविषयी आहे. तिच्या जागी मी दोन वर्षे दुसऱ्याच सिबिलचे तिकीट लावून ठेवले होते आणि ते एका शाळकरी मुलीने, नकाशावर बोट ठेवून, परीक्षकाच्या आधी ओळखले.